‘क्रीपी’: एका शब्दाच्या धड्याच्या प्रकल्प नोंदी, शिन्चू, तैवान

9 ऑगस्ट 2025, शनिवार

वहीचं पहिलं पान. काम एवढंच आहे: मँडरिन बोलणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांसाठी ‘क्रीपी’ (ज्यामुळे उगाच कसंतरी वाटतं असं) या एका इंग्रजी विशेषणाचा धडा तयार करायचा. चार पानं, दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण आणि वर्गात करून घ्यायचे सराव. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात छापायला द्यायचा.

कारणही लिहून ठेवते, म्हणजे मध्येच हुरूप गेला तर हे पान उघडता येईल. मंगळवारी संध्याकाळच्या वर्गात जोडीजोडीनं बोलायचा सराव होता. विषय, ‘माझी घरी जायची वाट’. रात्रपाळी करणारी एक परिचारिका सांगत होती की इस्पितळाच्या वाहनतळावर एक माणूस असतो. ती स्कूटर काढायला आली की तो उठून उभा राहतो, हसतो, ‘आज उशीर झाला’ म्हणतो. तिच्या स्कूटरचा नंबर त्याला पाठ आहे. तिनं इंग्रजीत म्हटलं, ‘ही इज टेरिफाइंग’. जोडीदारानं साहजिकच विचारलं, का, काय केलं त्यानं? ती म्हणाली, काही नाही. दोघंतिघं हसले. मी घड्याळाकडे बघितलं आणि पुढच्या जोडीकडे वळले.

घरी आल्यावर ते ‘काही नाही’ डोक्यातून जाईना. तिला जे म्हणायचं होतं त्याला इंग्रजीत नेमका शब्द आहे आणि मी तो तिला दिला नाही. समोरच्यानं काही केलेलं नसतं, तेव्हाच तर ‘क्रीपी’ लागतो. काही केलं असेल तर त्यासाठी दुसरे पुष्कळ शब्द आहेत.

12 ऑगस्ट, मंगळवार

आज शब्दकोश चाळले. इंग्रजी-चिनी कोशात ‘क्रीपी’पुढे बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट सापडते: माओकू सुंगरान. माओ म्हणजे केस, कू म्हणजे हाड, उरलेल्या दोन अक्षरांत दचकून घाबरण्याचा भाव. केसांपासून हाडांपर्यंत भीती भिनली, असा अर्थ. अर्थ चुकीचा नाही, वजन चुकीचं आहे. चार अक्षरांचा हा भारदस्त, लेखी वाक्प्रचार. खुनाच्या बातमीत शोभतो. इंग्रजीत मात्र आठ वर्षांची मुलगीसुद्धा मामाच्या घरातल्या जुन्या बाहुलीला सहज ‘क्रीपी’ म्हणते. मुलगी म्हणाली ‘मला कसंतरी वाटतंय’ आणि भाषांतर करणाऱ्यानं लिहिलं ‘तिचा थरकाप उडाला’, तसं हे झालं.

आणि इतका जड अर्थ पाठ केलेला माणूस हलक्या प्रसंगी तो शब्द वापरणारच नाही. हात जाईल तो ‘टेरिफाइंग’ किंवा ‘हॉरिबल’कडे. परिचारिकेचं तेच झालं.

लिपीबद्दल एक टीप, या वहीपुरती. रोमन लिपीतल्या अधिकृत लेखनात ‘हाड’ या शब्दाला ‘ग’चं अक्षर वापरतात, पण उच्चार आपल्या ‘क’चा, श्वास न सोडता. मँडरिनमध्ये क-ख, त-थ, प-फ असा अल्पप्राण-महाप्राण भेद आहे आणि तो देवनागरीत सुरेख बसतो. इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना जे वर्षभर ऐकू येत नाही ते मराठी कानाला पहिल्या दिवशी ऐकू येतं. म्हणून मी कानाला येतं तसंच लिहिते. ‘फ’ची तेवढी अडचण आहे: हाय-फा (घाबरणं) यातला फ ओठ मिटून, फामाओ (शहारणं) यातला दात-ओठाचा.

16 ऑगस्ट, शनिवार

वर्गात सहा चिठ्ठ्या फिरवल्या. प्रत्येकीवर एक प्रसंग, इंग्रजी शब्द कुठेच नाही. खाली मँडरिनमध्ये पहिला सुचेल तो शब्द लिहायचा.

जिचे डोळे आपल्या मागे फिरतात असं वाटतं ती बाहुली: बहुतेकांनी क्वेई-ई लिहिलं. बंद पडलेल्या जुन्या शाळेचा जिना: यिनसन. तीन वर्षांपूर्वीच्या फोटोवर अनोळखी माणसाची रात्री दोन वाजता पसंती: प्येनथाय, म्हणजे विकृत, आणि काहींचं अ-शिन, म्हणजे ओकारी येण्याजोगं. मैत्रिणीशी बुटांबद्दल बोललो आणि तासाभरात फोनवर बुटांची जाहिरात: खुंगपू, म्हणजे भयंकर. आईच्याच आवाजात बोलणारं यंत्र: पुन्हा क्वेई-ई.

इंग्रजी बोलणारा माणूस या सगळ्यांना ‘क्रीपी’ म्हणू शकतो. मँडरिन मात्र आधी विचारते, भीती कशाची? जागेची असेल तर यिनसन, म्हणजे काळोखी, गारठलेली. त्यातल्या ‘सन’ या चिन्हात तीन झाडं एकमेकांना चिकटून उभी असतात आणि ते पाहूनच अरण्यात शिरल्यासारखं वाटतं. घटनेचा मेळ बसत नसेल तर क्वेई-ई. भूत या अर्थाचा क्वेई आणि हा क्वेई उच्चाराला अगदी सारखे, म्हणून माझी कितीतरी दिवस समजूत होती की शब्द भुतावरून आला. चिन्ह बघितल्यावर कळलं की यात बोलण्याची खूण आहे. मूळ भाव फसवेपणाचा, जे दिसतं ते तसं नसण्याचा.

सहावी चिठ्ठी वाहनतळाची होती, नाव-गाव काढून टाकलेली. सतरापैकी अकरा जणांनी लिहिलं: माओमाओ त.

शब्दशः ‘केसाळ’. तैवानमध्ये रोज ऐकू येतो. ‘शिन-ली माओमाओ त’, म्हणजे मनात केस-केस झालेत. लहान मुलं म्हणतात, आजी म्हणतात. हलका शब्द आहे, अंगाशी जोडलेला आहे, आणि तो म्हणणाऱ्याला ‘पुरावा काय’ असं कुणी विचारत नाही. धड्याचा दरवाजा हाच. तिच्याकडे शब्द होता. शब्दकोश तिला भलत्याच रस्त्यानं घेऊन गेला.

19 ऑगस्ट, मंगळवार

शब्दाचा इतिहास धड्यात किती द्यायचा? अर्धं पान. पण मी मात्र आज पूर्ण दिवस त्यातच होते.

प्राचीन इंग्रजीत क्रेओपान म्हणजे सरपटणं, रांगणं. त्यावरून ‘क्रीप’. विशेषण झालं तेव्हा आधी ‘हळूहळू सरकणारं’ एवढाच अर्थ होता. एकोणिसाव्या शतकात तो कातडीवर आला: अंगावरून काहीतरी सरपटत गेल्यासारखं वाटणं. मग ज्यामुळे तसं वाटतं त्या वस्तूलाही तोच शब्द. डिकन्सच्या 1849-50 मध्ये क्रमशः आलेल्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये एक विधवा बाई थंडीची तक्रार करताना पाठीत येणाऱ्या शिरशिरीला ‘द क्रीप्स’ म्हणते. म्हणजे ती भावना पाठीत. मँडरिनमध्ये पेइची फालियांग, पाठीचा कणा गार पडतो. दोन्ही भाषा पाठीवर येऊन भेटल्या हे विद्यार्थ्यांना दाखवायलाच हवं.

कातडीवर उठणाऱ्या फोडांना इंग्रजीत हंस आठवतो, मँडरिनमध्ये कोंबडी: ची-फी क-ता, कोंबडीच्या कातडीचे गोळे. आपल्याकडे काटा येतो. खाली काम एकच चालतं: केसाच्या मुळाशी असलेला चिमुकला स्नायू आवळला जातो आणि केस उभा राहतो. अंगभर दाट केस असलेल्या प्राण्याला याचा उपयोग असतो, तो मोठा दिसतो, ऊब धरून ठेवतो. आपल्याला आता फक्त काटा उरला आहे.

आणि मराठीत पाल. ‘मनात पाल चुकचुकली’ यापेक्षा ‘क्रीपी’च्या गाभ्याजवळ जाणारं मला दुसरं काही माहीत नाही. काही घडलेलं नसतं, पुरावा नसतो, एक बारीकसा आवाज होतो आणि माणूस थबकतो. पाल बोलली की आजी जमिनीवर बोटं टेकवून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायची. काय होणार आहे ते तिलाही ठाऊक नसायचं. सहकारी शिक्षिकेला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, लाओशी (म्हणजे बाई), इथल्या पाली मुक्या असतात. तैवानमध्ये लोक सांगतात की च्वोश्वेई नदीच्या दक्षिणेकडच्या पाली ओरडतात, उत्तरेकडच्या नाही. शिन्चू उत्तरेला. वर्गात दक्षिणेतल्या थायनानकडचे दोघं आहेत, त्यांना पाल लगेच कळेल. धड्यात मात्र पाल घेत नाही. शिकणाऱ्याला तिसऱ्या भाषेचं ओझं कशाला.

23 ऑगस्ट, शनिवार

आज चांद्र पंचांगातला सातवा महिना लागला, क्वेई-य्वे, भुतांचा महिना. यंदा सहावा महिना अधिक होता म्हणून इतका उशिरा. गल्लीत दुकानांपुढे टेबलं मांडली आहेत, त्यावर फळं, बिस्किटं, शीतपेयं, उदबत्त्या. लोखंडी पिंपात कागदी पैसे जळतायत.

इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या सवयीनं मी धड्यात एक वाक्य टाकलं होतं: ‘घोस्ट मंथ इज क्रीपी’. वर्गात ते फळ्यावर लिहिलं आणि एक वयस्क गृहस्थ, तीस वर्षं कारखान्यात काढून निवृत्त झालेले, अतिशय शांतपणे म्हणाले की नाही, हे बरोबर नाही. या महिन्यात ‘भूत’ म्हणायचंच नाही, हाओ श्युंगती म्हणायचं, भले भाऊ. ज्यांना विचारणारं घरचं कुणी नाही त्यांना आपण जेवू घालतो, त्यात अंगावर येण्यासारखं काय आहे?

ते बोलले ते शंभर टक्के खरं. सगळं ठरलेलं असतं: कोण येणार, कधी येणार, काय द्यायचं, परत कधी जाणार. जिथे एवढं ठाऊक असतं तिथे भीती असू शकते, आदर असू शकतो, पण ‘क्रीपी’ नसतं. वाक्य खोडलं. आपल्याकडे पितृपंधरवड्यात वाढलेल्या पानाला कुणी तसं म्हटलं तर मला किती लागेल, ते मनात आलं.

त्या जागी नवं वाक्य: टायफूनचा डोळा डोक्यावर आला की वारा एकदम थांबतो, त्या शांततेला ‘ईरी’ म्हणायचं. हे सगळ्यांनी अनुभवलेलं. आपली ‘भयाण शांतता’.

26 ऑगस्ट, मंगळवार

उच्चार. ‘क्र’ हे जोडाक्षर मँडरिनमध्ये नाही, त्यामुळे मध्ये एक ‘अ’ घुसतो: ‘क-रीपी’. त्यातून रात्रबाजारातल्या ख-ली-पिंगशी, म्हणजे क्रेपशी गोंधळ, ‘क्रिस्पी’शीही. ध्वनिमुद्रणात तिन्ही शब्द लागोपाठ घेतले. बाकी काही नाही. उद्या गणपती बसतात, लवकर घरी.

30 ऑगस्ट, शनिवार

आजचा दिवस व्याकरणाचा आणि मला सगळ्यात जास्त समाधान देणारा.

वर्गातली सर्रास होणारी चूक: ‘आय अ‍ॅम व्हेरी क्रीपी’. म्हणायचं असतं ‘मला कसंतरी झालं’, म्हटलं जातं ‘मला बघून लोकांना कसंतरी होतं’. नियम सांगून हे सुधारत नाही. पण मँडरिनमध्ये हाच भेद आधीपासून आहे आणि तो कुणी चुकत नाही. हाय-फा म्हणजे मी घाबरतो. ख-फा म्हणजे ज्याला घाबरावं असं. ‘ख’ पुढे लागला की शब्द माणसाच्या मनातून निघून वस्तूवर जाऊन बसतो. ख-आय म्हणजे गोंडस, प्रेम करावं असं. ख-श्याओ म्हणजे हास्यास्पद. आपल्या ‘-णीय’सारखं: दया वाटते ती मला, दयनीय असतो तो समोरचा.

आणि याहून सोपी कसोटी: रांग रन, ‘लोकांना ... करायला लावणारं’. ‘रांग रन फामाओ’ म्हणजे लोकांच्या अंगावर शहारा आणणारं. ज्या नामाच्या आधी रांग रन बसतं तिथे ‘क्रीपी’. जिथे ‘मला’नं सुरुवात होते तिथे ‘आय फील क्रीप्ड आउट’ किंवा ‘इट गिव्हज मी द क्रीप्स’. फळ्यावर दोन रकाने केले. एकाच तासात सगळ्यांचं बसलं. याआधी हीच गोष्ट मी ‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’ घोकून घेत वर्षानुवर्षं शिकवत आले.

‘ईरी’चा इतिहास इथे कामाला आला. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडकडचा शब्द. आधी त्याचा अर्थ होता भित्रा, घाबरलेला, म्हणजे माणसाच्या आतला. मग तो सरकत सरकत जागेवर, आवाजावर, उजेडावर गेला. कधीकाळी ‘आय अ‍ॅम ईरी’ हे बरोबर इंग्रजी होतं. हे ऐकून मागच्या बाकावरची एक मुलगी इतकी खुश झाली की तिनं ते वहीच्या मुखपृष्ठावर लिहिलं.

2 सप्टेंबर, मंगळवार

चिप कारखान्यातला एक अभियंता ठामपणे म्हणाला, ‘अनकॅनी’ म्हणजे खुंगपू, मी हे वाचलेलं आहे. त्यानं कुठे वाचलं ते मला लगेच कळलं. जपानी संशोधक मासाहिरो मोरी यांनी 1970 मध्ये मांडलं की यंत्रमानव माणसासारखा होत जातो तसा तो आपल्याला आवडू लागतो, पण जवळजवळ माणूस झाला की आवड एकदम दरीत कोसळते. ‘बुकिमी नो तानी’. इंग्रजीत ‘अनकॅनी व्हॅली’. चिनीत झालं खुंगपू कू, भयाची दरी. (हा ‘कू’ दरीचा, माओकूमधला हाडाचा.) एकदा भाषांतर रुळलं की विद्यार्थी तिथूनच अर्थ उलटा वाचतो. पण त्या दरीतला यंत्रमानव कुणाला भिववत नाही. तो ओळखीचा वाटतो आणि परकाही, दोन्ही एकदमच, आणि मन ठरवू शकत नाही. मी अभियंत्याला विचारलं, तो यंत्रमानव मध्यरात्री तुझ्या खोलीत दिसला तर कोणता शब्द? हसून म्हणाला, खुंगपू. आणि प्रदर्शनात, दिवसा, लोकांच्या गर्दीत? बराच वेळ थांबून म्हणाला, माओमाओ त.

त्याच तासाला 2016 चा अभ्यास सांगितला. अमेरिकेत इलिनॉयमधल्या नॉक्स कॉलेजचे फ्रँक मॅकअँड्र्यू आणि सारा कोह्न्के यांनी 1341 लोकांना विचारलं की ‘क्रीपी’ कोण वाटतं, का वाटतं. व्यवसायांत पहिला विदूषक आला. त्यांचा निष्कर्ष असा की ही भावना धोक्याची नसते. धोका आहे की नाही हे न कळण्याची असते. कुणी सुरा घेऊन धावत आलं तर आपण पळतो, तिथे काही संदिग्ध नसतं. इथे पळावं तर मूर्ख ठरू, थांबावं तर फसू.

वर्गानं विदूषकाला मात्र मान डोलावली नाही. त्यांच्या मते विदूषक बिचारा असतो.

6 सप्टेंबर, शनिवार

आज सातव्या महिन्याची पंधरावी तिथी, इथल्या भल्या भावांचं मोठं जेवण; आणि आजच अनंत चतुर्दशी. सकाळी विसर्जन केलं, संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या टेबलावर ठेवायला मोदक दिले. वर्ग नव्हता.

9 सप्टेंबर, मंगळवार

माणसाला ‘क्रीपी’ म्हणण्याचा भाग. तीन दिवस टाळत होते.

वस्तूला म्हटलं तर काही बिघडत नाही. पुरुषाला म्हटलं की आरोप होतो, आणि त्या आरोपात बहुधा वाईट नजरेचा संशय असतो. मँडरिनमध्ये यासाठी वेइस्वो आहे, चोरट्या लंपटपणाचा. प्येनथाय आहे, थेट विकृत. दोन्ही ‘क्रीपी’पेक्षा खूप पुढे गेलेले, कारण त्यांत निकाल लागलेला असतो. ‘क्रीपी’त लागलेला नसतो.

आणि इथे धोकाही आहे. त्याच अभ्यासात लोकांनी तेलकट केस, विचित्र हसू, लांब बोटं, बाहेर आलेले डोळे यांचाही ‘क्रीपी’शी संबंध जोडला होता. यात कुणाचा काय दोष? गबाळा, एकटा, नजरेला नजर न देणारा माणूस या शब्दाखाली सहज चिरडला जातो. म्हणून धड्यात मी ठामपणे लिहिलं: चेहऱ्यासाठी हा शब्द वापरू नका, वागण्यासाठी वापरा. ‘ही इज क्रीपी’च्या आधी ‘द वे ही वेट्स फॉर मी इज क्रीपी’ शिका. त्यात काय खुपतं ते सांगावं लागतं, आणि ऐकणाऱ्याला पुढे काय विचारायचं ते कळतं.

सहकारी शिक्षिकेला वाटतं की एवढी सावधगिरी शिकवली तर मुली गप्पच बसतील. तिचं म्हणणं मला झोंबलं, कारण त्यात तथ्य आहे. शेवटी दोन्ही वाक्यं ठेवली आणि खाली तिनंच सुचवलेली ओळ घातली: कारण सांगता येत नसेल तरीही बोला, ‘आय काण्ट एक्स्प्लेन इट, बट इट गिव्हज मी द क्रीप्स’. हे पूर्ण, सभ्य आणि पुरेसं वाक्य आहे.

16 सप्टेंबर, मंगळवार

पूर्ण धडा वर्गात घेतला. ती परिचारिका पाळ्यांमुळे दोन आठवडे आली नव्हती, आज होती. मी तिला काही सुचवलं नाही. जोड्या चिठ्ठ्या टाकून पाडल्या, विषय पुन्हा ‘माझी घरी जायची वाट’.

तिनं वाक्य हळू जुळवलं. ‘द वे ही वेट्स.’ थांबली. ‘ही डझण्ट डू एनीथिंग. इट गिव्हज मी द क्रीप्स.’ ‘क्र’ अगदी स्वच्छ. जोडीदारानं विचारलं, किती दिवस? मग विचारलं, तुझ्याबरोबर त्या वेळी आणखी कुणी सुटतं का? दोघी बोलत राहिल्या. मी घड्याळाकडे बघितलं नाही. बाकीच्या जोड्यांना आज वेळ मिळाला नाही, त्यांचं शनिवारी.

20 सप्टेंबर, शनिवार

छपाईआधीची शेवटची नोंद. परिचारिकेनं मला गाठून सांगितलं की वरिष्ठांशी ती बोलली आहे, मँडरिनमध्येच, आणि आता दोघी मिळून निघतात. एक विनंतीही केली: सहाव्या चिठ्ठीतला वाहनतळ धड्यात नको, कुणी ओळखेल.

काढला. त्या जागी उद्वाहन घातलं: दार उघडतं, आत कुणी नाही, पण तुमच्या मजल्याचं बटण आधीच दाबलेलं आहे. या वहीतलेही तिच्या नोकरीचे आणि जागेचे तपशील आता बदलून लिहिले आहेत. दुसऱ्या पानावर यिनसनच्या स्वराची खूण चुकली होती, ती दुरुस्त केली. चाळीस प्रती सोमवारी मिळतील.